‘येते’ म्हणालीस, मग आली का नाहीस?

शिकायला म्हणून परक्या घरी राहिलात. त्या घरानं आपलं मानलं. मग परत आलात, आणि पुढे? ‘काहीतरी बनून दाखवू, मग भेटू’ म्हणता म्हणता दहा वर्षं कशी गेली, त्याची ही गोष्ट. आणि तुम्हाला एक आग्रहसुद्धा.

एक प्रश्न विचारते. मनातल्या मनात उत्तर दिलं तरी चालेल, पण खरं द्या.

तुमच्या फोनमध्ये असा एखादा नंबर आहे का, की ज्यावर फोन करायची तुम्हाला लाज वाटते? पैसे बुडवलेत म्हणून नाही, भांडण झालंय म्हणूनही नाही. उलट त्या माणसांनी तुमचं खूप केलंय. आणि तुम्ही इतकी वर्षं गप्प आहात की आता कुठल्या तोंडानं बोलायचं, असं वाटतं म्हणून?

माझ्याकडे होता असा नंबर. जर्मनीतला.

२०१३ मध्ये मी सोळा वर्षांची होते. दहावी झाली आणि स्टुडंट एक्स्चेंजमधून एका शैक्षणिक वर्षासाठी मी ट्यूबिंगनला गेले. दक्षिण जर्मनीतलं, नेकार नदीकाठचं हे छोटं शहर. तिथलं विद्यापीठ १४७७ सालचं. चढ-उताराच्या दगडी गल्ल्या, नदीत बांबूसारख्या लांब काठीनं ढकलत न्यायच्या होड्या. सांगलीतल्या निम्म्या नातेवाइकांनी बाबांना ऐकवलं, ‘पोरीचं वर्ष वाया जाणार.’ उरलेल्या निम्म्यांनी विचारलं, ‘परक्यांच्या घरी ठेवणार तिला?’

प्रश्न चुकीचा नव्हता. परकेच होते ते. अशा एक्स्चेंजमध्ये मुलं हॉस्टेलवर नाही, तिथल्या एखाद्या कुटुंबात राहतात. बहुतेक ठिकाणी त्या कुटुंबाला याचे पैसे मिळत नाहीत. ही पद्धत कुठून आली तेही भारी आहे. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिकांना वाहून नेणारे अमेरिकन स्वयंसेवक अ‍ॅम्ब्युलन्स ड्रायव्हर होते. त्यांची संघटना म्हणजे एएफएस. दुसरं महायुद्ध संपल्यावर या लोकांनी ठरवलं की आता जखमी उचलण्यापेक्षा पोरांनाच एकमेकांच्या घरी राहायला पाठवू. एकाच टेबलावर वर्षभर जेवलेली माणसं उद्या एकमेकांवर बंदुका रोखणार नाहीत, एवढी साधी आशा. आज अशा बऱ्याच संस्था आहेत, पण सगळ्यांच्या मुळाशी कल्पना तीच. जेवणाचं टेबल.

माझ्या टेबलावर पाच माणसं होती. नर्स असलेली आई, वर्कशॉपमध्ये काम करणारे बाबा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा दादा, नऊ वर्षांची धाकटी. आणि ओमा. ओमा म्हणजे आजी. घरातले सगळे म्हणायचे, आम्हाला नावानंच हाक मार. पण पन्नाशीच्या बाईला नुसत्या नावानं हाक मारायची? सांगलीच्या पोरीच्या जिभेवर ते येईना. मग मी धाकटीसारखी ‘मामा’ म्हणायला लागले. जर्मनमध्ये मामा म्हणजे आई. घरी फोनवर मी सांगायचे, ‘मामानं स्वेटर दिला.’ आईला दर वेळी दचकायला व्हायचं, ‘कुठला मामा?’

पहिल्या आठवड्यात मी रोज रडले. कारण? संध्याकाळी गरम जेवणच नाही! पाव, चीज, काकडी, झालं. कचरा कुठल्या डब्यात टाकायचा याचा तर अख्खा अभ्यासक्रम. रविवारी व्हॅक्युम क्लीनर लावायचा नाही, शेजाऱ्यांना त्रास होतो. इमारतीचा जिना झाडायची पाळी असली की आठवडाभर दारावर तशी पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना झाडला नाही तर शेजारीण पाटीकडे बघून तुमच्याकडे बघते. पण त्याच घरात शनिवारी मसूर आणि शेवयांसारखे जाडसर श्पेट्झले एकत्र शिजायचे. मला घरच्या आमटीची आठवण येते हे कळल्यावर मामा माझ्यासाठी सॉसेज न घालता वेगळं पातेलं चढवायची. कुणी न सांगता.

फेब्रुवारीत एकदा मी मैत्रिणीकडे रमले, फोन बंद पडला, कळवलं नाही. बर्फ पडत होता. बाबा गाडी काढून दोन तास मला शोधत फिरले. घरी आल्यावर रागावले. मीही ताडकन बोलले, ‘तुम्ही काय माझे खरे आईवडील नाही.’ दुसऱ्या दिवशी मी सॉरी म्हटलं, त्यांनी जवळ घेतलं, विषय संपला. म्हणजे माझ्यापुरता संपला. हा प्रसंग लक्षात ठेवा.

जुलै २०१४. निघायचा दिवस. स्टेशनवर धाकटी हात सोडेना. मी तिला सांगितलं, आमच्या भाषेत निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. ‘येते’ म्हणतात. तिनं तो शब्द पाठ केला. आणि गाडी हलली तेव्हा ओरडून मला म्हणाली, ‘येते!’

काही दिवसांनी जर्मनीनं फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला. सांगलीत पहाटेचे तीन वाजले होते. मी लॅपटॉपसमोर, ते पाचही जण स्क्रीनवर, सगळे एकदम ओरडतायत. बाबा उठून म्हणाले, ‘हळू, शेजारी झोपलेत.’

पुढचं तुम्हाला माहितीये. कारण तुमचंही असंच झालेलं असणार.

पुन्हा अकरावी. मग बारावी, सीईटी, इंजिनिअरिंग. आधी महिन्याला एक कॉल, मग दिवाळी-ख्रिसमसला मेसेज, मग फोटोंना लाइक. २०१९ मध्ये मामाचा मेल आला. ओमा गेली होती. मी तो मेल कॅम्पस इंटरव्ह्यूला जाताना रिक्षात वाचला. वाटलं, रात्री शांतपणे नीट उत्तर लिहू. रात्री जर्मनमध्ये वाक्यं जुळेनात. उद्या लिहू म्हटलं. तो ‘उद्या’ आलाच नाही. महिन्यानंतर वाटलं, आता इतक्या उशिरा काय लिहायचं? आणि वर्षानंतर तर वाटायला लागलं, आता न लिहिलेलंच बरं.

२०२२ मध्ये मास्टर्ससाठी मी नेदरलँड्समध्ये आयंडहोवनला आले. सकाळी रेल्वेनं निघालं तर संध्याकाळी ट्यूबिंगन. मी दोन वर्षांत पॅरिस केलं, प्राग केलं, मिलान केलं. ट्यूबिंगन केलं नाही. स्वतःला सांगायचे, डिग्री होऊ दे. मग म्हटलं, नोकरी लागू दे. रिकाम्या हातानं काय जायचं? त्यांनी एवढं केलं, जाऊ तेव्हा काहीतरी बनून जाऊ.

माझे डोळे कसे उघडले सांगू? मी स्वतः यजमान झाले तेव्हा.

नेदरलँड्समध्ये विद्यार्थ्यांना खोली मिळणं म्हणजे दिव्य असतं. नाशिकचा एक मुलगा नवीन आला, ओळखीच्या ओळखीतून. तीन आठवडे माझ्या खोलीतल्या सोफ्यावर राहिला. मी त्याला वरण-भात घातला, बँकेत नेलं, जुनी सायकल मिळवून दिली. त्याला खोली मिळाली, तो गेला. आणि मग गप्पच. एक महिना, दोन महिने, तीन. मला राग नाही आला. मला वेगळंच वाटायला लागलं. मी काही बोलले का त्याला? भांड्यांवरून टोकलं होतं, ते लागलं असेल का? माझं काही चुकलं का?

आणि एका संध्याकाळी भांडी घासताना लख्ख कळलं, हाच विचार गेली दहा वर्षं कुणीतरी ट्यूबिंगनमध्ये करत असेल.

त्याच रात्री मी तीन ओळी लिहिल्या. मोडक्या जर्मनमध्ये. मी जवळच राहते. तुमची आठवण येते. भेटायला आले तर चालेल का? वीस मिनिटांत मामाचं उत्तर. खुशाली नाही, तक्रार नाही. ‘अजून मांस खात नाहीस ना? लगेच सांग, आम्ही बाजाराला निघालोय.’

७ डिसेंबर २०२४, शनिवार. जर्मनीतल्या गाड्या हल्ली वेळेवर धावत नाहीत, त्यामुळे मी दोन तास उशिरा पोहोचले. बॅगेत आईनं पाठवलेले सांगलीचे बेदाणे आणि हळद. दारात मामा. केस पूर्ण पांढरे. मी घोकून ठेवलेलं पहिलं वाक्यच विसरले आणि इंग्रजीत सुरू झाले. ती म्हणाली, ‘आधी बूट काढ.’

आता खरं सांगते. मी सिनेमासारखं काहीतरी मनात धरून गेले होते. माझी खोली तशीच असेल वगैरे. तसं काही नव्हतं. माझ्या खोलीत आता इस्त्रीचं टेबल आहे. माझ्या सपाता कधीच टाकून दिलेल्या. मला पाहुण्यांच्या मिळाल्या. भिंतीवर माझा फोटो होता, पण एकटीचा नाही. माझ्यानंतर त्यांच्याकडे आणखी तीन मुलं राहून गेली, तिघांचे फोटो शेजारी. आणि तुम्हाला कशाला खोटं सांगू, क्षणभर मला पोटात कळ आली. मी एकटी नव्हते तर!

नंतर वाटलं, बरं झालं. माझ्या न लिहिण्यानं त्यांचं दार बंद झालं नव्हतं.

पण दुखलं मात्र होतं. जेवण झाल्यावर मामानं ख्रिसमसच्या आधीच्या चार रविवारांची चार मेणबत्त्यांची ती गोल फांद्यांची रिंग टेबलावर ठेवली. शनिवार होता, तरी आजच पेटवू म्हणाली. मग हळूच विचारलं, ‘फेब्रुवारीत आम्ही रागावलो होतो, म्हणून लिहिणं बंद केलंस का?’

मला दोन मिनिटं आठवेचना, कुठला फेब्रुवारी. जो प्रसंग मी दुसऱ्या दिवशी विसरले, तो या बाईनं दहा वर्षं उलटसुलट करून पाहिला होता. सोळा वर्षांच्या परक्या पोरीवर रागावण्याचा हक्क आपल्याला होता का, म्हणून.

आणि धाकटी? ती आता एकोणीस वर्षांची. ती आधी नीट बोलेचना. नदीकाठी फिरायला गेलो तेव्हा एकदम म्हणाली, ‘तू येते म्हणालीस. मग आली का नाहीस? मी दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात वाट बघितली.’ तो एक शब्द तिनं मराठीतच उच्चारला. येते. आपण हजारदा म्हणतो, सवयीनं. नऊ वर्षांच्या मुलीनं तो शब्द खरा मानला होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी सॉरी म्हटलं. ती म्हणाली, ‘ठीक आहे,’ आणि पुढे चालायला लागली. ठीक व्हायला वेळ लागेल, हे मला कळलं.

सगळ्यात मोठी गोष्ट दुसऱ्या दिवशी कळली. आम्ही ओमाच्या कबरीवर गेलो. वाटेत बाबांनी सांगितलं की आपण मुलं ठेवून घेऊ, हा हट्ट ओमाचा होता. का? ओमा मूळची सायलेशियाची. तो भाग आता पोलंडमध्ये आहे. महायुद्ध संपताना आणि त्यानंतर पूर्व युरोपातून सव्वा कोटीच्या आसपास जर्मन माणसं घरदार सोडून पश्चिमेकडे आली, किंवा हाकलली गेली. त्यात आठ वर्षांची ओमा आणि तिची आई होत्या. दक्षिणेतल्या एका शेतकऱ्याच्या घरात त्यांना एक खोली नेमून दिली गेली. त्या शेतकरणीला हे लादलेले पाहुणे नकोच होते. आधी चूलसुद्धा वापरू देईना. मग एका हिवाळ्यात ओमा तापानं फणफणली आणि ती बाई रात्रभर उशाशी बसली. पुढे ओमाचं लग्न झालं, स्वतःचं घर झालं, तरी दर वर्षी एकदा ती त्या शेतकऱ्याच्या घरी जायची. ती शेतकरीण गेल्यावरसुद्धा तिच्या मुलांकडे. हातात काय असायचं? घरी केलेला केक. बस.

मी त्या घरात वर्षभर राहिले. ओमानं मला विणकाम शिकवलं, माझे उच्चार सुधारले. आणि मी तिला एकदाही विचारलं नाही, ओमा, तू कुठली? सोळाव्या वर्षी आपल्याला वाटतं की गोष्ट फक्त आपलीच आहे. बाबा म्हणाले, शेवटी शेवटी ती विचारायची, ‘ती भारतातली पोर काय करते?’ मी तेव्हा सीव्ही सजवत होते.

आता माझा मुद्दा.

आपल्याकडे एक शब्द आहे, उपकार. आणि त्याला जोडून क्रियापद आहे, फेडणं. जसं कर्ज फेडतात तसं. मला वाटतं सगळी गडबड इथं आहे. एकदा का तुम्ही त्या माणसांच्या मायेला कर्ज मानलं, की त्यांना सावकार करून टाकता. आणि सावकार रस्त्यात दिसला तर आपण काय करतो? गल्ली बदलतो! ‘काहीतरी बनून दाखवीन, मग जाईन’ हे ऐकायला मानी वाटतं. प्रत्यक्षात ती गल्ली बदलण्याची सबब असते. मामानं तीन दिवसांत माझा पगार विचारला नाही. डिग्री विचारली, तीही शेवटी, गाडीची वाट बघताना. त्यांना माझं प्रगतिपुस्तक नको होतं. त्यांना एवढंच हवं होतं की मी बरी आहे, आणि त्यांचं काही चुकलं नव्हतं.

सत्कार-समारंभात आपण म्हणतो ना, ‘आभार मानून त्यांना परकं करणार नाही.’ आणि मग आभारही मानत नाही आणि खरोखरच परकं करून टाकतो.

‘आम्ही कुठे परदेशात राहिलो?’ असं म्हणू नका. ही गोष्ट जर्मनीची नाही. आपल्याकडे एक काळ गरीब मुलं पुण्यात वार लावून शिकली. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या. तेही यजमानच. आज वार नाहीत, पण तुम्ही क्लाससाठी वर्षभर मावशीच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपलात ना? मेसच्या काकूंनी परीक्षेच्या रात्री डबा खोलीवर पाठवला होता ना? रूममेटच्या गावी तुम्ही लॉकडाउनचे दोन महिने काढलेत ना? पंढरीच्या वाटेवर जाऊन बघा. कित्येक दिंड्या वर्षानुवर्षं ठरलेल्या घरी मुक्काम करतात. तिथं कुणी हिशेब फेडत नाही. आषाढ आला की माणसं येतात, एवढंच. येण्यालाच किंमत आहे.

हेही सांगायला हवं की प्रत्येक यजमान घर चांगलं असतंच असं नाही. कुठे मुलांना कामाला जुंपतात, कुठे टोमणे, कुठे त्याहून वाईट. एक्स्चेंजमध्ये घर बदलून मागता येतं, आणि मागावंच. नातेवाइकांकडे तर तीही सोय नसते. जिथं तुम्हाला दुखवलं गेलं, तिथं परत जायचं काहीही देणं तुमच्यावर नाही. ‘खाल्ल्या मिठाला जाग’ असं कुणी ऐकवलं तरी नाही. मी बोलतेय ते त्या घराबद्दल, ज्याची आठवण आली की तुम्हाला बरं वाटतं आणि लगेच अपराधीही वाटतं.

त्या घरी जायचं असेल, तर स्वतः धडपडून शिकलेल्या चार गोष्टी सांगते.

मेसेज लहान लिहा. दहा वर्षांचा खुलासा लिहायला बसाल तर अकरावं वर्षही जाईल. तीन ओळी पुरतात.

सबबी सांगू नका. ‘खूप बिझी होतो’ हे समोरच्याला ‘तू महत्त्वाचा नव्हतास’ असं ऐकू येतं. त्यापेक्षा ‘लाज वाटत होती’ हे खरं आहे, आणि ते लगेच समजतं.

तुमची जागा तशीच असेल असं धरून जाऊ नका. घरं पुढे जातात. कुणी गेलेलं असेल, कुणी रुसलेलं असेल. रुसव्याला वेळ द्या. एका भेटीत सगळं मिटलंच पाहिजे असा हट्ट नको.

आणि या वेळी तुम्ही विचारा. त्यांचं बालपण, त्यांचं गाव, तुम्हाला घरात का घेतलं. तेव्हा आपण फक्त आपल्याबद्दल सांगत होतो.

परत निघताना स्टेशनवर मामा, बाबा आले होते. धाकटी आली नाही, तिचं कॉलेज होतं. गाडी सुटल्यावर तिचा मेसेज आला. मोडक्या स्पेलिंगमधला एकच शब्द आणि पुढे प्रश्नचिन्ह. ‘येते?’

मी उत्तर दिलं, ‘ईस्टरला.’ आणि आयंडहोवनला पोहोचायच्या आधी, गाडीतच, तिकीट काढलं. या वेळी गेलेही. हातात बाकी काही नव्हतं, घरी केलेले लाडू होते. जरा बिघडलेले.

नाशिकच्या त्या मुलालाही मीच मेसेज केला. तो म्हणाला, ‘ताई, जॉब लागला की भेटायला येणार होतो.’ मी म्हटलं, ‘मूर्खा, आज ये. वरण-भात आहे.’

तर दोस्तांनो, तो नंबर काढा. डिग्री, जॉब, गाडी, फ्लॅट यांची वाट बघू नका. आपली ओमा आपल्यासाठी थांबेलच असं नाही. निघताना ‘येतो’ म्हणाला होतात ना? मग जा.